मंजुळाच्या जबाबाची शेवटची ओळ

मंजुळा, दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच आला. नदीवर जमलेल्या सगळ्यांना हायसं वाटलं. तुझ्या शेजारणीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "काय मागं राहिलं नाय तिचं. मोकळी झाली." मी त्या घोळक्यात मिटलेली छत्री घेऊन उभी होते आणि मला त्या कावळ्याचा संताप आला. अख्ख्या वाडीदेखत त्याने जाहीर केलं की तुझी कशाबद्दल काही तक्रार नाही. तुझ्या नावावर हे आधी एकदा झालेलं आहे, आणि ते करणारी मी होते.

हे तुला ठाऊक नाही. सात वर्षं सांगायचं राहिलं. तुझ्यासमोर बसून तुझ्या हातची भाकरी खाल्ली तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आता तू ऐकायला नाहीस तर मला कंठ फुटला आहे. कारकुनाचं असंच असतं, सगळं होऊन गेल्यावर टिपण करायचं.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू नऊ वर्षांची असशील. पळसखोऱ्याच्या ग्रामपंचायतीत मी नुकतीच लिपिक म्हणून लागले होते. शहापूरहून सकाळच्या मुरबाड एस.टी.ने यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. कचेरीच्या मागे पन्नास पावलांवर पंचायतीने चालवलेलं बोर्डिंग होतं. वाड्यांवरचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर गेले की त्यांची पोरं आठ महिने तिथे राहायची. बोर्डिंगचे गुरुजी पंचायतीनेच नेमलेले, उपसरपंचांच्या सोयऱ्यातले. तिथला हापसा सारखा बिघडायचा, मग तुम्ही मुली बादल्या घेऊन आमच्या नळावर यायचात. तू आणि तुझ्यामागे तुझं फ्रॉकचं टोक धरून चालणारी कमळी. तू खिडकीशी थांबून माझ्याकडे झिजलेला कार्बन पेपर मागायचीस. त्याचं काय करायचीस कोण जाणे, पण तुझी बोटं कायम निळी असायची.

एक दिवस तू कार्बन मागितला नाहीस. "बाई," तू विचारलंस, "बदलीचा अर्ज कसा करतात?"

शाळेतले मास्तर तो अर्ज घेऊन भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांकडे, यायचे. ते तू पाहिलं असणार.

"कोणाची बदली करायची आहे तुला?"

"माझी. नि कमळीची. कुठल्या पन दुसऱ्या बोर्डिंगात."

"लहान मुलांची बदली नसते गं."

"मग गुरुजींची असंल ना?"

मी हसले. मला ते फार गोड वाटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण दुपारच्या चहाला मी ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. भाऊसाहेबांना हसता हसता ठसका लागला. त्या दिवशी चहाला गुरुजीही आले होते. तेही हसले. बशीत चहा ओतत म्हणाले, "कोण, मंजी का? हुशार हाय पोरगी." चार दिवसांनी तू बोर्डिंगमधून पळाल्याचं कळलं. कमळी तिथेच राहिली होती. तुझी आई भट्टीवरून येऊन सगळ्यांसमोर तुला कामचुकार म्हणाली, शिकायचा कंटाळा म्हणून पळाली म्हणाली, आणि मलाही ते खरं वाटलं. मी बोर्डिंगच्या हजेरीपत्रकात तुझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात नावच कमी केलं.

दहा वर्षांनी तू पंचायतीत अर्ज घेऊन आलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. तू ओळखलंस. "बाई, अजून कार्बन वापरता?" म्हणालीस. लग्न झालं होतं, नवरा वाशिंदच्या कारखान्यात जात होता. अर्ज एका पानाचा, वहीच्या कागदावर, तुझ्याच अक्षरात. बोर्डिंगमध्ये गुरुजी पोरांना उपाशी कोठीत कोंडायचे, पाठीवर तापलेल्या उलथन्याचे डाग द्यायचे, आणखी काय काय करायचे, ते त्यात होतं. ते सगळं मी इथे उतरवणार नाही. तू एकदा सांगितलंस तेवढं पुष्कळ झालं.

भाऊसाहेबांनी अर्ज उलटसुलट करून विचारलं, "पण तुझी मागणी काय? त्यांची नोकरी घालवायची?"

"नाय. पंचायतीनं लिवून द्यायचं, की हे झालेलं. शिक्का मारून."

"त्याचा काय उपयोग?"

"कमळीला दाखवीन."

तुझ्या त्या उत्तराचा अर्थ मला नंतर समजला. तुझी आई मरेपर्यंत तुला पळपुटी म्हणत गेली, आणि कमळीही तेच म्हणायला लागली होती. बोर्डिंगमध्ये काही झालंच नाही, ताईला अभ्यास नको होता, असं ती सासरी-माहेरी सांगायची. कमळी तिथे सातवीपर्यंत राहिली. तू पळालीस त्याच्यानंतर कोठीची पाळी कोणावर आली असेल ते तुला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि त्यावर तुम्ही दोघी कधी एक शब्द बोलला नव्हतात. पंचायतीच्या शिक्क्यापुढे तरी ती बोलेल असं तुला वाटत होतं. शिक्क्यावर तुझा एवढा विश्वास होता, आणि तो शिक्का रोज हातात धरणाऱ्या मला त्याची किंमत माहीत होती.

पंचायतीने तिघांची चौकशी समिती नेमली. उपसरपंच आणि दोन सदस्य. कमळीलाही बोलावलं. तिला तेव्हा शाळेत खिचडी शिजवायचं काम पंचायतीच्या शिफारशीनेच नुकतं लागलं होतं. ती दाराशी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मला काय आठवत नाय." तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस.

मग तू पाठ फिरवून पोलकं खांद्यावरून थोडं खाली केलंस आणि डाग दाखवलेस. एक सदस्य मान वळवून बाहेर बघायला लागला. उपसरपंच मात्र निवांत होते. "हे घरचंच असंल," ते म्हणाले. "तुमच्या वाड्यांवर पोटात दुखलं तरी पोरांना डाग देता की नाय?"

तू पोलकं सारखं केलंस. "देतात ना. पन ते पोटावर. पाठीवर कोन नाय देत."

मला वाटलं, जिंकलीस. आता कोण काय बोलणार? उपसरपंचांनी घड्याळ पाहिलं आणि मला सांगितलं, "बाईमाणसाचा जबाब हाय, बाई. तुमीच बाजूला बसून लिवून घ्या."

आपण आतल्या खोलीत बसलो. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. तू भराभर बोलत नव्हतीस, माझा हात कागदाच्या कडेला पोचला की थांबायचीस. सहावं की सातवं वाक्य होतं. "मी बदलीचं विचारलेलं, ते गुरुजींना कळलं. कसं कळलं ठाऊक नाय. त्याच संध्याकाळी पाठीवरचा पहिला डाग दिला."

मी ते लिहिलं. 'बदलीबाबत विचारणा केली असता सदरची बाब गुरुजींना समजली.' अक्षर बिघडलं नाही माझं. पुढचं तू काय सांगत होतीस ते मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. डोळ्यांसमोर गुरुजींची ती चहाची बशी होती. नंतरची दीड पानं नुसता हात लिहीत होता.

आणि हाताला जे येत होतं ते त्याने लिहिलं. मंजुळा, मी दहा वर्षं जबाब लिहीत होते. साप चावून माणूस गेला, विहिरीत बाई पडली, पावसात भिंत कोसळली, घरच्यांचा जबाब घ्यायचा आणि खाली ठरलेल्या दोन ओळी टाकायच्या. 'वरील मजकूर मला वाचून दाखविला असून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' त्या ओळी कोणी सांगत नाही, कोणी वाचूनही दाखवत नाही. मजकूर संपला की हात आपोआप तिकडे जातो. तुझा मजकूर संपला आणि माझा हात तिकडे गेला.

मी तुला जबाब वाचून दाखवला, नेहमीप्रमाणे त्या दोन ओळींच्या अलीकडे थांबले, आणि कागद तुझ्यापुढे सरकवला. तुला वाचता येत होतं. "खालपर्यंत बघ," मी म्हटलं, तेही सवयीनेच. तू म्हणालीस, "तुमी लिवलंय ना बाई, मग झालं," आणि अंगठ्याऐवजी सही करता येते याचा तुला अभिमान होता म्हणून सावकाश, वळणदार सही केलीस.

मासिक सभेत तो विषय नळाच्या दुरुस्तीच्या आधी होता. उपसरपंचांनी जबाब हातात घेतला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून हसले. "हिचीच कोणाविरुद्ध तक्रार नाय. मग आपन कशाला डोकं धरून बसलोय?"

मी प्रोसिडिंग लिहायला समोर बसले होते. त्या क्षणी मला कळलं मी काय केलं ते. करायचं एवढंच होतं की उठून म्हणायचं, ती ओळ माझी आहे, सवयीने पडली, तिची नाही. मग त्या ओळीवर एक आडवी रेघ, रेघेशेजारी तुझी सही आणि माझी सही. खाडाखोडीचा नियम इतका साधा आहे. मी उठले नाही. सगळ्यांसमोर चूक कबूल करायची लाज होती, उपसरपंचांची भीती होती, आणि खरं सांगायचं तर बदलीची गोष्ट गुरुजींना कोणी सांगितली हा प्रश्न निघेल, त्याची सगळ्यात जास्त भीती होती. मी पेन उचललं आणि माझ्याच अक्षरात लिहिलं, 'अर्जदार यांची कोणाविरुद्ध तक्रार नसल्याचे त्यांच्याच जबाबावरून दिसून येत असल्याने सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात यावा. ठराव सर्वानुमते मंजूर.' दप्तरी दाखल म्हणजे कपाटात. मग नळाचा विषय निघाला आणि त्यावर तासभर भांडण झालं.

तुला मी सांगितलं, "नाही म्हणाले." तू विचारलंस, "माझा जबाब वाचला ना त्यांनी?" मी म्हटलं, "वाचला." शेवटची ओळ वाचली, ते खोटं नव्हतं.

त्यानंतर खरं तर तू मला टाळायला हवं होतंस. तू उलट जास्त यायला लागलीस. बाजाराच्या दिवशी कंटोळी आणायचीस, कधी काकडी, उन्हाळ्यात करवंदांचा द्रोण. मला दुपारी डबा खाऊ द्यायची नाहीस, तुझ्या फडक्यातली भाकरी अर्धी करायचीस. पंचायतीत तुझं म्हणणं लिहून घेणारी पहिली बाई मी, असं तू वाडीवर सांगायचीस. ते कौतुक ऐकूनही मी तुझी भाकरी खायचे. तुझ्या सोबतीची मला सवय झाली होती. नवरा गेल्यापासून शहापूरच्या त्या दोन खोल्यांत माझ्याशी कोण बोलत होतं? तू माझी थट्टा करायचीस, माझ्या छत्रीला नावं ठेवायचीस. मला तू हवी होतीस गं, आणि खरं सांगितलं असतं तर गेली असतीस.

दर दोन-चार महिन्यांनी तू विचारायचीस, "बाई, तो जबाब एकदा दाखवा की. कमळीला तोच दाखवते, ठराव नाय तर नाय." मी म्हणायचे, कपाटाची चावी भाऊसाहेबांकडे आहे. चावी माझ्याच पर्समध्ये असायची.

मग बोर्डिंग बंद झालं. पंचायतीने भिंतींना चुना मारला, कोठीची मधली भिंत पाडली आणि तिथे लग्नकार्यासाठी सभागृह केलं. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा झेंडावंदनाला त्यांना शाल-श्रीफळ दिलं. तू खांबापासून दहा हातांवर उभी होतीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तू हात पदरात घेतलेस. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "शालीचा ठराव पन तुमीच लिवला काय?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय तुमचं," तू म्हणालीस आणि गेलीस. त्यानंतर तीन महिने आली नाहीस. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं लागेल असं बोललेलं नाही, आणि तुला तर निम्मंच ठाऊक होतं.

कमळीवरून आपलं भांडण व्हायचं ते तसंच अर्धवट राहिलं. मी म्हणायचे, सोड ना, धाकटी आहे, तिला नोकरी सांभाळायची होती, माफ करून टाक. तू म्हणायचीस, "माफ बिफ काय नाय. आधी तिनं म्हनू दे, की झालं. मग बघू." एकदा फार चिडलीस. "गुरुजी तर परका. ही माझ्या पाठची. माझी खरी तक्रार तिच्यावर हाय, बाई." हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

काविळीमुळे तुला शहापूरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रोज कचेरीतून यायचे. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते तुझे. कमळी दोनदा व्हरांड्यापर्यंत येऊन परत गेली, तू आत येऊ दिलं नाहीस. मला म्हणालीस, "बाई, तुमी तिला तो जबाब वाचून दाखवा. सगळा. तिनं ऐकला नि तरी आली, तर येऊ दे. तवर नको." मी हो म्हटलं. कमळी बाहेर बाकावर बसलेली होती. पंधरा पावलांचं अंतर. जबाब तिला दाखवायचा म्हणजे ती शेवटची ओळही दाखवायची, आणि ती ओळ दाखवायची म्हणजे सगळं सांगायचं. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, भाऊसाहेब रजेवर आहेत. तिसऱ्या दिवशी तू माणसं ओळखत नव्हतीस. तुम्ही बहिणी भेटला नाहीत ते तुझ्या हट्टामुळे असं वाडीवर म्हणतात. ते माझ्यामुळे आहे.

काल कमळी पंचायतीत आली. डोकं झाकून, दाराशी उभी राहिली, त्या दिवशी उभी होती तशीच. म्हणाली, "ताई सांगायची, हितं तिचा कागद हाय. मला बघायचाय."

मुदत संपलेले कागद यंदा नष्ट करायचे आहेत, त्यांच्या गठ्ठ्यात तुझा जबाब मीच बांधून ठेवला होता. ठराव मात्र प्रोसिडिंग बुकात कायमचा राहणार, ते बुक कधी नष्ट करत नाहीत. मी गठ्ठा सोडला आणि कागद तिच्या हातात दिला. वाचून दाखवायचं धाडस झालं नाही. ती सातवी शिकलेली, स्वतःच वाचायला लागली, ओळीखाली बोट फिरवत. पहिल्या पानावर तिचं बोट दोनदा थांबलं. कोठीच्या वाक्याशी ती खूप वेळ थांबली. मग म्हणाली, "झालेलं. सगळं असंच झालेलं, बाई." जे ऐकायला तू सात वर्षं धडपडलीस ते तिने इतक्या हळू सांगितलं की बाजूच्या टेबलावरही ऐकू गेलं नसेल.

मग ती खाली पोचली. बोट शेवटच्या ओळीखालून गेलं आणि परत मागे आलं.

"'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.'" तिने ते शाळेतल्यासारखं वाचलं. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पार बदललेला होता. "हे ताईनं सांगितलेलं?"

मी गठ्ठ्याची सुटलेली दोरी गुंडाळत राहिले.

"कोनाविरुद्धच नाय. म्हंजे माझ्याविरुद्ध पन नाय ना, बाई? मला वाटायचं ती माझ्यावर राग धरून गेली." ती खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. असं रडताना मी तिला तुझ्या मयतीलाही पाहिलं नव्हतं. "तिनंच सांगितलं ना हे? सांगा ना."

मंजुळा, मी काय करायला हवं होतं? तुझी तक्रार खरी होती, आणि ती पायाशी बसलेली बाईही खरी होती. सात वर्षांपूर्वी मी घाबरून गप्प राहिले. काल घाबरले नव्हते, आणि तरीही मी म्हटलं, "हो. तिनंच सांगितलं."

तिने कागद मागितला. फेकायचाच होता, देऊन टाकला. संध्याकाळी शहापूरच्या स्टँडवर उतरले तर झेरॉक्सच्या दुकानात ती दिसली. तिने तुझा जबाब लॅमिनेट करून घेतला होता आणि अजून गरम होता म्हणून पदराने धरला होता. मला बघून तिने तो वर करून दाखवला. प्लॅस्टिकच्या आत तुझी सही अगदी स्वच्छ दिसत होती, आणि सहीच्या वर माझी ओळ. आता तिच्यावर रेघ मारता येणार नाही.